ऑक्सिजन सेन्सर बदलायचाय? आधी जुना नीट वाचा

दुकानदाराने काउंटरवर दोन सेन्सर शेजारी शेजारी ठेवले. एक माझ्या दुचाकीतून काढलेला, काळाठिक्कर. दुसरा नवा, चकचकीत. आटे सारखे, कपलर (वायरी जोडायचा प्लग) सारखा, वायरी दोन्हीला चारच. "बसला की झालं," तो म्हणाला. बसलाही. बिघाडाचा कोड पुसला, मीटरवरचा पिवळा दिवा विझला आणि मी खुशीत घरी आलो. तिसऱ्या दिवशी कात्रजचा घाट चढताना दिवा पुन्हा पेटला. पहिला कोड सिग्नलचा होता, हा हीटरचा. घरी दोन्ही सेन्सरच्या हीटरला मल्टिमीटर लावून पाहिला: जुना सात ओहम, नवा तेरा. कपलर बसला होता, सेन्सर जुळला नव्हता.

या लेखात एवढंच सांगायचंय, की "बसतो" आणि "जुळतो" यांत काय फरक आहे आणि पैसे देण्याआधी तो कसा ओळखायचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांतही इंधन इंजेक्शन आणि त्याच्याबरोबर हा सेन्सर आला. त्या पिढीतल्या गाड्या आता वॉरंटीच्या बाहेर पडत चालल्यात, त्यामुळे हा प्रश्न अनेकांच्या दारात येणार आहे. तुमची गाडी अजून वॉरंटीत असेल तर पुढचं वाचा, पण पाना हातात घेऊ नका. सर्व्हिस सेंटरलाच जा.

हा करतो काय, थोडक्यात

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची छोटी टोपी किंवा पट्टी असते. तिच्या एका बाजूला इंजिनातून आलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की ती स्वतःच व्होल्टेज तयार करते. पेट्रोल जास्त पडत असेल तर धुरात ऑक्सिजन उरत नाही आणि मीटर ०.८-०.९ व्होल्ट दाखवतो. पेट्रोल कमी पडलं की ०.१ च्या आसपास. मधला उंबरठा ०.४५ चा. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, हा आकडा बघत पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, म्हणून चांगल्या सेन्सरचा सिग्नल सतत खाली-वर झुलतो. सिरॅमिक तापल्याशिवाय हे काम सुरू होत नाही, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे. म्हणून बहुतेक सेन्सरच्या पोटात हीटर असतो.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आलं म्हणून वेगळा सेन्सर लागतो का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. नाही. निव्वळ पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साडेतेरा पटीच्या आसपास. पण सेन्सर पेट्रोल मोजत नाही, जळून उरलेला ऑक्सिजन मोजतो. तो तोच राहतो.

पायरी १: खरंच सेन्सरच गेलाय का?

माझ्या मते नवखे लोक सगळ्यात जास्त पैसे इथे घालवतात. कोडमध्ये "ऑक्सिजन सेन्सर" असं लिहिलं की तो गेला, असं आपण धरून चालतो. कोड फक्त एवढंच सांगतो की त्या वायरीवर ईसीयूला न पटणारं काहीतरी दिसलं.

आधी कोड काढा. बीएस-६ च्या अनेक गाड्यांना सीटखाली सहा पिनांचा लाल कपलर असतो. सहा पिनांवरून सोळा पिनांवर जाणारी केबल आणि ईएलएम-३२७ जातीचा ब्लूटूथ डोंगल एवढ्यावर मोबाइलच्या ॲपमध्ये कोड दिसतो. काही गाड्यांना हा डोंगल चालत नाही, तिथे कंपनीचाच स्कॅनर लागतो. थोड्या जुन्या इंजेक्शनच्या गाड्या मीटरवरच कोड देतात: होंडाच्या अनेक गाड्यांत दिव्याच्या उघडझापीतून २१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर आणि २३ म्हणजे त्याचा हीटर (लांब झाप दहाची, छोटी एकाची), यामाहात २४, सुझुकीत सी४४.

पी०१३५, पी००३१ आणि पी००३२ हे कोड हीटरच्या सर्किटचे. इथे पहिलं काम फ्यूज बघायचं. हीटरला बारा व्होल्ट देणारी लाइन बऱ्याचदा दुसऱ्या कुठल्या तरी भागाबरोबर एकाच फ्यूजवर असते आणि फ्यूज उडाला की दोष सेन्सरवर येतो. फ्यूज ठीक असेल तर कपलर सोडवून सेन्सरच्या बाजूने एकाच रंगाच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा, गाडी पूर्ण थंड असताना. मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे सर्किट तुटलेलं, तर हीटर गेला. विषय संपला.

पी०१३१ म्हणजे व्होल्टेज सतत कमी. इथे घाई नको. सेन्सर कदाचित खरं बोलत असेल: इंजेक्टर तुंबलाय, पेट्रोल पंपाचं प्रेशर पडलंय, किंवा सेन्सरच्या आधी बेंड पाइपच्या (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीच्या) गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जातेय. गॅस्केटची ही गळती म्हणजे पक्की फसवणूक, कारण सेन्सरला आयता ऑक्सिजन मिळतो आणि तो इमानदारीने "पेट्रोल कमी" असं ओरडतो. ईसीयू त्याचं ऐकून जादा पेट्रोल ओततो. ॲव्हरेज घसरतं, प्लग काळा पडतो आणि दोष मात्र सेन्सरच्या माथी. थंड इंजिन चालू करून हेडजवळच्या जोडावर कान द्या. फट्फट् आवाज किंवा काजळीचा डाग दिसला तर आधी गॅस्केट बदला.

पी०१३३ म्हणजे सेन्सर मंद झालाय. तो खरंच म्हातारा झाल्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त. पी०१३४ म्हणजे सिग्नलची हालचालच नाही, पण त्यासाठी तुटलेली वायरही पुरते. पावसाळ्यानंतर कपलरमध्ये गेलेलं पाणी, प्रेशर वॉशिंगचा तडाखा, पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेली वायर, सायलेन्सरला टेकून वितळलेलं इन्सुलेशन हे सगळं डोळ्यांनी दिसतं आणि फुकट दिसतं. टॉर्च घ्या आणि पूर्ण वायर हाताखालून घाला.

मल्टिमीटर असेल तर अजून एक तपासणी. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, कपलर न सोडता मागच्या बाजूने बारीक टाचणी घालून सिग्नलच्या वायरीवर डीसी व्होल्टेज बघा. अडीच हजार आरपीएमच्या आसपास आकडा ०.१ ते ०.९ मध्ये भराभर झुलायला हवा. थ्रॉटल झटक्यात सोडला की तो खाली पडायला हवा. बऱ्याच गाड्यांत मेलेल्या सेन्सरचा आकडा ०.४५ च्या जवळ गोठलेला दिसतो. सिग्नलच्या वायरीवर ओहम मोजू नका आणि तिला बारा व्होल्ट तर चुकूनही लावू नका.

पायरी २: जुना सेन्सर बाहेर काढा आणि वाचा

गाडीचं नाव आणि साल घेऊन दुकानात जाणं ही दुसरी चूक. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी सेन्सर बदललेला असतो, आणि निर्यातीचं मॉडेल आणखी वेगळं असू शकतं. केटीएमची ३९० ड्यूक आपल्या चाकणमध्ये बनून परदेशात जाते. म्हणून तिकडच्या वेबसाइटवरचा सेन्सर इकडच्या गाडीला लागेलच, असं नाही. वर्ष, देश आणि शक्य असेल तर चासी नंबर, तिन्ही हवेत.

सगळ्यात खरी माहिती सेन्सरच्या अंगावर असते. षटकोनाजवळच्या धातूच्या नळीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. काजळी असेल तर जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलच्या फडक्याने पुसा, मोबाइलचा कॅमेरा तिरप्या उजेडात धरा. तिथे बहुधा दोन गोष्टी मिळतात: बनवणाऱ्याचं नाव आणि त्याचा स्वतःचा नंबर. गाड्यांच्या कंपन्या हे सेन्सर सहसा स्वतः बनवत नाहीत. बॉश, डेन्सो, एनटीके ही ठरलेली मंडळी. (एनटीके म्हणजे एनजीके प्लगवाल्यांचंच सेन्सरचं नाव. कंपनीने २०२३ मध्ये स्वतःचं नाव बदलून नितेरा केलं, त्यामुळे डब्यावर नवं नाव दिसलं तर डुप्लिकेट समजू नका.) बॉशचा सेन्सर असेल तर ०२५८ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर शोधा.

हा नंबर कागदावर उतरवा, फोटो काढा, वायरीची लांबी टेपने मोजा, कपलरचा समोरून फोटो घ्या. एवढं झालं की निम्मं काम झालं.

पायरी ३: नंबरावरून नंबर शोधा

आता गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर काढा. पार्ट कॅटलॉगमध्ये तो एक्झॉस्ट किंवा इलेक्ट्रिकलच्या पानावर असतो. कॅटलॉग ऑनलाइन नसेल तर सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर काउंटरवर चासी नंबर सांगा आणि विकत घ्यायच्या आधी किंमत विचारायची आहे असं सरळ म्हणा. नंबर स्क्रीनवर दिसतोच.

या नंबरांना व्याकरण असतं. यामाहाच्या नंबरात मधला तुकडा ८५९२ए असेल तर तो ऑक्सिजन सेन्सर. आधीची तीन अक्षरं म्हणजे तो भाग मुळात कुठल्या मॉडेलसाठी काढला होता ते, आणि शेवटचे दोन आकडे सुधारित आवृत्तीचे. होंडात पहिले पाच आकडे भागाचा प्रकार सांगतात आणि मधली तीन अक्षरं मॉडेल. म्हणून शेवटचा आकडा वेगळा दिसला तर लगेच नाही म्हणू नका. जुना नंबर बंद होऊन नवा आलेला असतो, काउंटरवर "सुपरसीड झालाय का?" एवढं विचारा. मधला तुकडा वेगळा असेल तर मात्र थांबा.

खरी गंमत उलट्या शोधात आहे. तुमचा पूर्ण पार्ट नंबर किंवा बॉश-डेन्सोचा नंबर सर्चमध्ये टाका आणि तो दुसऱ्या कुठल्या गाड्यांना लागतो ते बघा. एकाच कंपनीच्या तीन-चार मॉडेलांत एकच सेन्सर असणं नेहमीचं आहे. तुमच्या गाडीचा स्टॉकमध्ये नसतो आणि भाऊबंद मॉडेलच्या नावाने तोच डबा शेजारच्या रॅकवर पडलेला असतो.

पायरी ४: पर्यायी घ्यायचाच असेल तर

मूळ नंबर मिळतच नाही, किंवा त्याची किंमत परवडत नाही, अशा वेळी दुसरा जुळवायचा. इथे मी या क्रमाने बघतो, आणि पहिल्याच गोष्टीत नापास झाला तर पुढचं बघत नाही.

जात. वर सांगितलेला झिर्कोनियाचा साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो. वाइडबँड सेन्सर वेगळ्याच पद्धतीने बोलतो, त्याला बहुधा पाच वायरी असतात आणि त्याच्यासाठी वेगळं कंट्रोलर सर्किट लागतं. टायटानियाचे सेन्सर व्होल्टेज तयारच करत नाहीत, त्यांचा रेझिस्टन्स बदलतो. या तिघांत अदलाबदल होत नाही. आटे जुळले तरी नाही.

वायरी आणि हीटर. एक वायर म्हणजे हीटर नाही आणि अर्थिंग आट्यांमधून. होंडाच्या काही छोट्या इंजिनांत असा सेन्सर थेट हेडजवळ असतो, धूर तिथे इतका गरम असतो की हीटरची गरज पडत नाही. दोन वायरींत अर्थिंगसाठी वेगळी वायर. तीन म्हणजे हीटरच्या दोन आणि सिग्नल. चार म्हणजे त्यात सिग्नलची स्वतःची अर्थिंग. जितक्या होत्या तितक्याच घ्या. चारच्या जागी एकचा लावला तर हीटरचा कोड येणारच. आणि वायरींची संख्या जुळली तरी हीटरचे ओहम जुळायला हवेत. ईसीयू हीटरमधून जाणाऱ्या करंटवर लक्ष ठेवतो. मी कात्रजला अडकलो तो इथेच. दुकानात मल्टिमीटर घेऊन गेलात तर दुकानदार हसेल. हसू द्या. दोन्ही सेन्सर त्याच तापमानाला ठेवून मोजा, एखाद-दुसऱ्या ओहमचा फरक चालतो, दुप्पट नाही.

आटे. चारचाकीत सर्रास १८ मिलिमीटर व्यास आणि १.५ चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. मोटारसायकलींत हाही असतो आणि १२ मिलिमीटर, १.२५ पिचचा छोटाही. चारचाकीचा स्वस्त सेन्सर बाइकला मारण्याचा बेत इथेच बहुधा मोडतो. व्यास व्हर्नियरने मोजा, पिच नटाने तपासा.

टोकाची लांबी लोक हमखास विसरतात. टोक जास्त आखूड असेल तर ते बोसच्या (सेन्सर ज्यात आवळतो त्या पाइपवरच्या जाड कड्याच्या) खड्ड्यात शिळ्या धुरात बसून राहतं आणि सिग्नल मंद होतो. जास्त लांब असेल तर पातळ बेंड पाइपच्या समोरच्या भिंतीला टेकतं. शेजारी ठेवून बघा.

कपलर आणि वायरीची लांबी शेवटी, कारण यावर तोडगा निघतो.

नव्या गाड्यांत आणखी एक पेच आहे. १ एप्रिल २०२५ पासून दुचाकींना ओबीडी-२बी, म्हणजे गाडीनेच स्वतःचे प्रदूषणाचे बिघाड ओळखण्याचा नियम, लागू झालं, आणि काही गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) मागे दुसरा सेन्सर असतो. पी०१३६ ते पी०१४१ हे कोड त्या मागच्याचे. पुढचा आणि मागचा दिसायला जुळे भाऊ वाटले तरी पार्ट नंबर वेगळा असेल तर एकमेकांच्या जागी लावू नका.

पायरी ५: युनिव्हर्सल सेन्सर, म्हणजे वायर कापून जोडायचा

मला हा प्रकार आवडत नाही, पण जुन्या इम्पोर्टेड गाड्यांना कधी कधी दुसरा मार्ग नसतो. यात रंग हाच मोठा सापळा आहे. बॉशच्या चार वायरींत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थिंगची. डेन्सोच्या चार वायरींत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थिंगची. आता डेन्सो काढून बॉश लावताना कुणी "काळ्याला काळी" जोडली तर काय होईल ते बघा: हीटरचे बारा व्होल्ट थेट सिग्नलच्या वायरीवर. नवा सेन्सर तर जाईलच, करंट ईसीयूपर्यंत पोचला तर खर्चाचा आकडा वेगळाच. गाडीच्या वायरिंगचे रंग आणखी निराळे असतात. म्हणून रंगाला रंग नाही, कामाला काम जोडा. सर्किट डायग्राम नसेल तर कपलरमधली जागा बघा: जुन्या सेन्सरची कुठली वायर कुठल्या पिनवर जाते ते कापण्याआधी कागदावर काढून ठेवा.

जोड झाळून करू नका. बऱ्याच सेन्सरना आतली स्वच्छ हवा वायरीच्या इन्सुलेशनमधून, तारांच्या मधल्या फटींतून मिळते. झाळण्याचं कथील तारांत शिरलं की ती वाट बुजते. क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा), वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा, आणि चारही जोड एकाच जागी न आणता मागेपुढे ठेवा. याच कारणाने कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही, स्प्रे मारायचा नाही.

पायरी ६: कुठे घ्यायचा

पुण्यात दुचाकीच्या स्पेअरसाठी नाना पेठ, दिल्लीला कुणी जात असेल तर करोल बाग. कुठेही गेलात तरी डबा वाचा: छापील एमआरपी, महिना-वर्ष, आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कुठल्या देशात बनला ते कायद्याने असायलाच हवं. डब्यावरचा नंबर आणि सेन्सरच्या अंगावर कोरलेला नंबर एकच आहे का, हे दुकानातच बघा. अक्षरं कोरलेली नसून शाईने छापलेली आणि नखाने निघणारी असतील तर डबा परत करा. भंगारातला सेन्सर मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेत नाही. तो आत किती मुरलाय हे दिसत नाही. ऑइल जाळणाऱ्या इंजिनातून आला असेल तर तर मुळीच नको.

कुणी तरी "सेन्सरच काढून टाकू, एलिमिनेटर (सेन्सरच्या जागी खोटा प्लग) लावू" असंही सुचवेल. ईसीयूला आंधळा करून ॲव्हरेज सुधारत नाही. वर प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पायरी ७: बसवताना

जुना निघत नसेल तर जोर करू नका. आट्यांवर डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवा, सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा, हातमोजे घाला आणि वायरीसाठी खाच असलेला सेन्सर सॉकेट वापरा. मोठ्याला बहुधा २२ चा, लहानाला १७ चा. साध्या फिक्स पान्याने षटकोन गोल होतो, मग बेंड पाइपच उतरवावा लागतो.

नव्याच्या आट्यांवर बहुधा पेस्ट लावूनच येते. नसेल तर अँटिसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी थोडं, फक्त आट्यांवर. टोकाला बोटही नको. आधी हाताने फिरवा, दोन-तीन फेरे मऊ बसला की मग पाना. टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. १८ च्या आट्यांना साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर, १२ च्या आट्यांना त्याच्या निम्म्याच्या आसपास. सेन्सर हातातून फरशीवर पडला तर आतलं सिरॅमिक तडकलं असेल, बाहेरून काही कळणार नाही.

सेन्सरच्या जवळपासच्या कुठल्याही गॅस्केटला साधं सिलिकॉन सीलंट लावू नका. त्याची वाफ सिरॅमिकवर थर धरते आणि नवा सेन्सर काही दिवसांत मंद होतो. मेकॅनिक सवयीने ट्यूब हातात घेतो, तेव्हा तिथे उभे राहा.

वायर मूळ क्लिपांमधूनच न्या आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कुठे ताणत नाही ना, बेंड पाइपला टेकत नाही ना, ते बघा. मग कोड पुसा आणि वीसेक किलोमीटर गाडी चालवा, थोडी गावात, थोडी हायवेवर. परत येऊन ॲपमध्ये सिग्नलचा ग्राफ उघडा. झुलत असेल तर ठीक. पण दोन-तीनदा थंड इंजिन चालू करून दिवा येत नाही ना हे पाहिल्याशिवाय बिल आणि डबा फेकू नका, कारण हीटरचा कोड लगेच येत नाही. माझा तिसऱ्या दिवशी आला होता. आणि जुन्या सेन्सरला चिठ्ठी बांधून ठेवा: गाडी, साल, अंगावरचा नंबर, हीटरचे ओहम. पुढच्या वेळी काउंटरवर तीच चिठ्ठी पुढे करायची.